हात फिरवल्याशिवाय

तांड्याच्या तोंडाशी जो ब्रेकर आहे तो कुठल्या खात्यानं बांधलेला नाही. पेमाची शेळी ट्रॅक्टरखाली गेली, तेव्हा त्यानं घरकुलाचं उरलेलं सिमेंट आणून एका दुपारात तो घातला, आणि राग जेवढा होता तेवढाच उंच घातला. ट्रॅक्टर, जीप, बाळापूरची काळीपिवळी असे सगळे त्याच्यावरून शिव्या देत जातात. भीमसिंगची पोर्शे मात्र जाणार नव्हती. तिचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नव्हतं.

ती चालवणारा पुतण्या विकास खाली उतरला, त्यानं ब्रेकरला आडवा हात लावला आणि मान हलवली. मग हळद शिजवायच्या कढईजवळच्या दोन फळ्या आणवल्या. निम्मा तांडा जमला. मागच्या उंच गाडीतून भीमसिंगनं काच खाली केली.

"मुन्ना, तू घे आत. दादांना दिसू दे."

पोर्शेत विकासच्या शेजारी बसलेला मुन्ना म्हणाला, "भाऊलाच घेऊ द्या, पप्पा. ब्रेकर त्याच्या ओळखीचा आहे."

लोक हसले. भीमसिंगही हसला. त्याच्या शेजारी बसलेल्या बायकोला, चंदाबाईला, मात्र काचेतून लेकाची मान दिसत होती, आणि ती मान हसणाऱ्या माणसाची नव्हती. पुण्यापासून इथवर मुन्ना त्याच सीटवर बसून आला होता. वाटेत दोनदा चहाला थांबले, दोन्ही वेळा तो उतरून पुन्हा त्याच बाजूनं आत बसला. आईचं लक्ष असल्या गोष्टींवरच असतं, आणि म्हणूनच तिला कोणी विचारत नाही.  

*

मुन्नाचे दादा म्हणजे भीमसिंगचा बाप देवला. त्याच्या घरात त्याचा हात फिरल्याशिवाय चार पायांचं काही दावणीला लागत नसे. जन्मभर त्यानं बैलांचा व्यापार केला. कंधारपासून वाशिमपर्यंतच्या बाजारांत विकणारे जुनी दुखापत तेल आणि गेरू लावून झाकायचे. देवला डोळे मिटून बैलाच्या खांद्यावरून हात न्यायचा आणि नेमक्या जागी थांबायचा. मन भरलं तर फडक्यातला गुळाचा खडा काढून घेणाऱ्याच्या तोंडात घालायचा. गूळ तोंडात गेला की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरणं नाही.

पुढं चार पायांच्या जागी चार चाकं आली. रीत तीच राहिली. ट्रॅक्टर, भीमसिंगच्या भावाची, प्रेमदासची जीप, भीमसिंगचा पहिला टिप्पर, सगळ्यांवर हा हात फिरला. चार वर्षांपूर्वी ही पोर्शे कोरी आणली, तेव्हाही म्हातारा तिच्याभोवती अर्धा तास फिरला होता आणि म्हणाला होता, "कातडं चांगलं हाय. पण बसलेलं जनावर हाय का उभं, तेच कळंना." हे वाक्य भीमसिंग पुण्यात सगळ्या पाहुण्यांना सांगायचा.

आज भीमसिंग आणखी एका गुळासाठी आला होता. मुन्नाला बाविसावं लागलं होतं आणि त्याच्यासाठी त्याच्या नावानं नवी गाडी घ्यायची होती. फेरारी की लॅम्बोर्गिनी, एवढंच ठरायचं होतं. सोमवारी एका शोरूमला होकार द्यायचा होता आणि दुसऱ्याला नकार. भीमसिंगला या वयातही बापाच्या गुळाशिवाय होकार देववत नव्हता.

देवला बाजेवर बसला होता. अंगणभर वाळत घातलेली हळद, तिच्या कडेला पोर्शे. म्हाताऱ्याचा एक डोळा आता पडद्याआड गेला होता, दुसऱ्यानं माणसाची सावली ओळखू येई.

"न बघितलेल्या बैलावर गूळ कसा देऊ रं?" तो म्हणाला.

भीमसिंगनं समजावलं की नवी गाडी इथं आणून दाखवत नसतात, या जातीची जनावरं म्हणजे काय ते कळायला पोर्शेवर हात फिरवा, आणि बाकीचं विकास सांगेल. विकासचं म्हणणं ऐकण्यासारखं होतंच. प्रेमदासचा हा थोरला पोरगा नऊ वर्षांपासून काकाकडे पुण्यात होता. काकाची पोर्शे तो सांभाळायचाच, शिवाय त्याच आवारातल्या दोन शेठांची एक फेरारी आणि एक लॅम्बोर्गिनीसुद्धा त्याच्याच हाताखाली होती. धुणं, झाकणं, बॅटरीला चार्जर लावून ठेवणं, महिन्यातून दोनदा फिरवून आणणं, सगळं तोच करी. मालकांना गाड्यांचे आकडे पाठ होते. त्यांचे स्वभाव विकासला ठाऊक होते.

"बोल की," भीमसिंग म्हणाला. "दादांना समजंल असं सांग."

विकासनं सुरुवात पोर्शेपासून केली. ही रोज काढा, पावसात काढा, हापिसाला न्या, कुरकुर नाही. मागच्या सीटवर एखादं पोतंही बसतं. मालकाला हिची सवय होते आणि मग तो हिच्याकडे बघायचं विसरतो.

"औताचा बैल," देवला म्हणाला.

"व्हय. लॅम्बोर्गिनीचं तसं न्हाई, दादा. ती सुरू केली की चार बिल्डिंगांना कळतं. बटन दाबलं की नाक वर उचलती, मग ब्रेकर वलांडती. पण सिग्नलला उभी केली की पोरं गोळा व्हत्यात, काचेला तोंड लावून फोटो काढत्यात. आमच्या शेठला गाडीतून उतरायलाच लाज वाटती, कारण उतरताना वाकावं लागतं आणि सगळे बघून राहिलेले असत्यात. घेतल्यावर पहिले सहा महिने रोज काढली. आता मीच फिरवतो."

"शंकरपटाचा, शर्यतीतला. आन् तिसरी?"

"फेरारीवाला शेठ तर गाडीपेक्षा कागदंच जास्त जपतो. एक ओरखडा न्हाई पाहिजे, किलोमीटर वाढले न्हाई पाहिजेत, उद्या विकायची झाली तर किंमत राहिली पाहिजे. मालक तिचा हाय का ती मालकाची, तेच कळत न्हाई. पण चालवायला..." विकास थांबला. "चालवायला तिच्यासारखी मी दुसरी बघितली न्हाई. हातात मन असल्यागत वळती."

मुन्ना एवढा वेळ गप्प होता, तो एकदम बोलायला लागला. किती सेकंदांत शंभर, किती सेकंदांत दोनशे, कोणाचं इंजिन मध्ये, कोणाचं मागं, ब्रेक कशाचे. आकडे एकामागून एक सांगत सुटला. बोलताना त्याची नजर कोणावरच ठरत नव्हती. भीमसिंग कौतुकानं ऐकत होता. आपला पोरगा इंग्रजी नावं अशी सहज बोलतो याचंच त्याला मोठं सुख.

त्याच्या सुखामागं एक जुनं ठसठसणारं होतं, ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. पोर्शे घेतली त्याच महिन्यात तो एका बड्या ठेकेदाराच्या लग्नाला स्वतः ती चालवत गेला. दारावरच्या माणसानं दार उघडलं, भीमसिंगकडे पाहिलं, आणि अदबीनं विचारलं, "साहेब मागून येतायत का?" भीमसिंगनं, काय तोंडातून निघालं कोण जाणे, "व्हय" म्हणून सांगितलं. गाडी फिरवून तो तसाच बाहेरच्या बाहेर निघून आला. त्या दिवशी त्यानं ठरवलं की मुन्नाला असं कोणी कधी विचारणार नाही. मुन्ना अशा गाडीतून उतरेल की साहेब कोण, हे विचारायची कोणाची छाती होणार नाही.

*

चुलीपाशी विकासची आई पारुबाई बाटी थापत होती. विकास पाणी प्यायला आत आला, तशी त्याच्यामागं चंदाबाई आली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. बाहेर तो नाकापर्यंत असे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पुण्यात ती सोसायटीच्या मीटिंगा गाजवायची, पण तांड्यावर सासऱ्यासमोर तिचा पदर उतरत नसे आणि सासऱ्याशी तिनं आजवर एक शब्द थेट बोललेला नव्हता. ही याडीकडून, म्हणजे आईकडून, आलेली चाल. सांगायचं ते दुसऱ्याच्या तोंडून.

"विकास, तू दादांना सांग," ती म्हणाली. "मुन्नाला असली गाडी नको म्हणाव. माझं नाव घेऊ नको. तुझं म्हणून सांग."

"काकी, काका..."

"काका रागवंल. रागवू दे. दादा तुझं ऐकत्यात, बाकी कोणाचं न्हाई. माझं लेकरू जेवत न्हाई बराबर. घास हातात घेऊन बसतं. काय झालं विचारलं तर म्हणतं, काही नाही मम्मी. असल्या पोराच्या हातात तू ती गाडी देशील?"

विकासनं तांब्या खाली ठेवला. पोर्शेचं काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं. आठ महिने झाले ठाऊक होऊन.

जुलैत भीमसिंग पंधरा दिवस बाहेरच्या साइटवर होता. भर दुपारी मुन्नाचा फोन आला होता, जालन्याच्या पुढून. नुसता श्वास ऐकू येत होता. रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, त्यानं गाडी वळवली आणि दोनशेच्या वर असलेली पोर्शे कठड्याला घासत गेली. मुन्नाला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाडीचा डावा खांदा चेपला होता. "भाऊ, पप्पांना सांगू नको, तुझ्या पाया पडतो," एवढंच तो म्हणत राहिला. विकासनं गाडी ट्रकवर चढवून ओळखीच्या गॅरेजात नेली, पत्रा ठोकून घेतला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग जुळवला. पितळ उघडं पडलं नाही. कोणाला काही कळलं नाही याचा त्याला तेव्हा अभिमानही वाटला होता. 

त्यानंतर मुन्नानं गाडी मागितली नाही. विकासला वाटलं, पोरगं सुधारलं. मग फेरारीच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा वाटलं, डाग लागलेल्या गाडीवरून मन उडालंय.

चंदाबाई बाहेर गेल्यावर पारुबाईनं परात बाजूला ठेवली.

"नवरा-बायकोच्या मधी पडू नको," ती हळूच म्हणाली. "तुझ्या काकानं तुला उभं केलं. उद्या त्यानं घरी धाडलं, तर इथं काय हळद उकडत बसणार हायेस?"

"याडी, काही झालं मुन्नाला तर?"

"देव बघंल. तू मोठ्यांच्या सौद्यात बोलू नको. लई केलं तर गप ऱ्हा."

गप राहणं विकासला चांगलं जमत होतं. तेच तर त्याचं दुखणं होतं.

*

उन्हं कलायच्या आत गूळ व्हायला हवा होता. पारुबाईनं देवलाच्या हातात फडकं दिलं. दोघांनी धरून म्हाताऱ्याला गाडीपाशी नेलं. चंदाबाई पदर ओढून दाराच्या चौकटीला टेकली.

देवलानं उजव्या बाजूनं सुरुवात केली. दिव्यापासून हात सावकाश मागं आला, दारावरून, चाकाच्या कमानीवरून. तो पुटपुटत होता, "हं... तीच हाय... धडधाकट." मागून वळसा घातला. डाव्या अंगानं पुढं आला. आरशाच्या पुढं, चाकाच्या वर, हात थांबला. मागं गेला, पुन्हा पुढं आला, पुन्हा तिथंच थांबला. मग त्यानं बोटाच्या पेरानं ठोकलं. शेजारी दारावर ठोकलं तर पत्रा टणटणला, इथं ओल्या मातीगत बद्द वाजला.



"हिचा खांदा मोडलेला हाय," देवला म्हणाला.

भीमसिंग हसला. "खडा लागला असंल, बा. हायवे म्हटल्यावर..."

"खड्यानं चामडी जाती, भीमा. हे हाडापर्यंत गेलेलं हाय. आन् वरून गेरू लावलाय. चार सालाखाली मी हात फिरवला तवा खांदा नवा व्हता." त्यानं चांगला डोळा वळवला, पण मुन्नाकडे नाही. "विकास, जनावर तुझ्याकडं असतं. सांग."

पारुबाई अंगणाच्या कडेला उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिची नजर एकच सांगत होती, आणि विकासनं ती बघितली. मुन्ना जमिनीकडे बघत होता, त्याच्या बुटाला हळदीचा पिवळा डाग लागला होता. खडा म्हणून सांगितलं की संपलं असतं. काका तेच ऐकायला तयार उभा होता. म्हातारा गूळ देईल, सोमवारी होकार जाईल, महिन्याभरात मुन्ना फेरारीच्या चाकामागं बसेल, आणि एखाद्या दुपारी पुन्हा फोन वाजेल. किंवा वाजणारही नाही.

"मीच बुजवला तो," विकास म्हणाला. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यानं सगळं सांगितलं, रोहीपासून रंगापर्यंत, दोनशेचा आकडासुद्धा.

 भीमसिंगला राग नेमका कशाचा आला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. पोरगा मेला असता याचा, की भरल्या तांड्यासमोर हे निघालं याचा. जवळचा राग जवळच्या माणसावर निघतो.

"चावी दे," तो म्हणाला. "आन् उद्यापासून पुण्याला येऊ नको."

विकासनं चावी दिली. पारुबाईनं डोळे मिटून घेतले.

त्याला वाटलं होतं, निदान काकी तरी आपल्या बाजूनं उभी राहील. चंदाबाई चौकट सोडून अंगणात आली आणि त्याच्यासमोर थांबली. पदराच्या आतून तिचा आवाज अगदी बारीक आला.

"आठ महिने, विकास? मी रोज तुला विचारत व्हते, मुन्ना असा काहून करून राहिला. रोज. तू माझ्या हातचं जेवत व्हतास."

 विकासला काकाच्या रागापेक्षा हे जास्त लागलं, आणि खरं असल्यामुळेच लागलं.

देवला अजून गाडीला हात लावून उभा होता. "भीमा, त्या पोराला सोड. खांदा कुणी बुजवला ते मी इच्यारलं न्हाई. चावी मुन्नाला दे. मुन्ना, मला बसव आत. आपण ब्रेकरपातूर जाऊन येऊ. गूळ त्यावर देतो."

म्हाताऱ्याला त्या बुटक्या सीटवर बसवायला तिघे लागले. तो गुडघे छातीशी घेऊन आत बसला. मुन्ना दुसऱ्या बाजूनं आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या बाजूनं. आत बसला, दार ओढलं. सगळे वाट बघत उभे राहिले. समोर हळदीची पोती घेऊन एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता, त्याला जागा हवी होती.

गाडी सुरू झाली नाही.

काच खाली होती. मुन्नाचे दोन्ही हात चाकावर होते आणि चाकासकट हलत होते. कपाळावरून घाम गळत होता. एकदा त्यानं बोट सुरू करायच्या जागेकडे नेलं आणि तापल्या तव्याला लागल्यागत मागं घेतलं. देवलानं चाचपडत त्याच्या मनगटावर हात ठेवला. बैलाच्या खांद्यावर ठेवायचा, तसाच.

"किती दिस झालं रं, लेकरा?"

"तेव्हापासून," मुन्ना म्हणाला. "दादा, मला नाही चालवता येत. बसलं की तो कठडा दिसतो. मी पप्पांना... ते सगळ्यांना सांगून बसलेत. मला वाटलं, नवी आली की भीती जाईल. कुठली घेऊ म्हणून रोज बघत बसतो. नाही जात, दादा. मला कोणतीच नको."

भीमसिंगनं खिडकीच्या काठाला धरलं होतं. तो वाकला होता, उतरणाऱ्या शेठासारखा, कारण गाडी तेवढी खाली होती. पोराच्या हातांकडे बघता बघता त्याचं तोंड उतरलं. लग्नाच्या दारातून परत फिरला होता त्या दिवशी गाडी घेऊन निघताना त्याचेही हात असेच थरथरले होते. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे पोरालाही सांगितलं नव्हतं की असं होतं माणसाला.

"मला काहून न्हाई बोललास?" तो म्हणाला.  त्याचं उत्तर तांड्यातल्या कोणालाही देता आलं असतं.

म्हाताऱ्याला पुन्हा तिघांनी बाहेर काढलं. त्यानं फडक्याच्या गाठीला हात घातला. सौदा झाला नव्हता, तेव्हा गूळ परत बांधायचा, हेही रीतीतलंच. त्यानं पहिली गाठ मारली.

"बा."

सगळ्यांनी वळून बघितलं. चंदाबाई सासऱ्यापासून दोन हातांवर उभी होती. पदर होता तसाच नाकापर्यंत होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती.

"बांधू नका, बा. माझ्या लेकराला द्या. त्यानं खांदा दाखवला."

देवला आवाजाच्या दिशेनं वळला. सुनेचा आवाज कसा आहे ते त्याला आज कळत होतं. मग त्यानं गाठ सोडली. गुळाचा खडा दातांनी तोडून दोन केले. एक मुन्नाच्या तोंडात घातला. हात फिरवून त्यानं विकासला शोधलं आणि दुसरा त्याच्या तोंडात घातला. फडक्यात भुगा तेवढा राहिला. तो त्यानं चिमटीत गोळा केला आणि भीमसिंगसमोर धरला.

ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. गाडी काढायला हवी होती. भीमसिंगनं चावी विकासच्या हातात ठेवली. बापाच्या चिमटीकडे त्याचा हात काही गेला नाही. त्यानं लहान पोरासारखं तोंड उघडलं.